दोर्तेमावशीची पायरी

आमच्या केई बेटावर पाहुणा उतरला की आधी दोर्तेमावशीच्या पायरीवर बसतो. खोली नंतर, पाणी नंतर, आधी पायरी. मी तिची शेजारीण. तिच्या कोंबड्या माझ्या कसाव्याच्या कंदांच्या वाफ्यात शिरतात, म्हणून आमचं रोज वाजतं. पण खरं ते खरं, पाहुण्यांना वळण लावावं तर तिनंच.

पोहायच्या कपड्यांत गावातून फिरू नका, ती सांगते. रविवारी प्रार्थना चालू असताना होडीचं यंत्र सुरू करू नका. कोणी कसाव्याची भाकरी पुढे केली तर पोट कितीही भरलेलं असो, तुकडा तरी मोडा. म्हाताऱ्या माणसाशी उभ्यानं बोलायचं नाही, त्याच्याहून खाली व्हायचं. आणि किनाऱ्यावर माडाची कोवळी झावळी बांधलेली दिसली, तर त्या पाण्यात पायाचा अंगठासुद्धा बुडवायचा नाही. शंख वाढावेत म्हणून गाव ते पाणी बंद करतं, आणि थोरल्या घराण्यातल्या आजीनं झावळी सोडल्याशिवाय ते उघडत नाही.

गेल्या वर्षी मावशीच्या एका पाहुण्यानं नेमका तिथलाच शंख आठवण म्हणून उचलला. गावप्रमुख पाऊलुसबाबा असे भडकले म्हणता! भर बैठकीत त्यांनी मावशीला सुनावलं, की पुन्हा अशी चूक झाली तर तिच्या घरी पाहुणा उतरणार नाही. नवरा गेल्यापासून बाईचं पोट त्यावरच. नाहीतर शहरात सुनेच्या दारात जाऊन पडायचं, आणि ती सून! तिच्या हातचा चहा मी प्यायलेय. वैऱ्यावरसुद्धा ती वेळ येऊ नये.

तेव्हापासून मावशी पाहुण्यांकडून सगळं घोकून घ्यायला लागली. मी चिडवायची, की पाहुणे ठेवलेत की कैदी? ती पाहुण्याला पुढचा नियम घोकायला लावायची.

यंदा झावळी सुटायच्या दिवशी तिच्याकडे बोझेना नावाची पोलंडची बाई होती. इतकी उंच, की आमच्या प्रत्येक दारानं तिच्या कपाळाचा समाचार घेतलेला. सगळा गाव टोपल्या घेऊन किनाऱ्यावर जमला. पाऊलुसबाबांची नजर त्या बाईवरून हलेना, आणि मावशीच्या तोंडचं पाणी पळालेलं. बाई मात्र हात मागे बांधून वाळूत उभी होती.

आजीला यायला उशीर झाला. ओहोटी लागली, प्रार्थनेची वेळ झाली. आता आमच्यात प्रार्थनेआधी समुद्रात पाय धुवायची सवय अगदी लहानपणापासूनची. पाऊलुसबाबांनी सवयीनंच विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तंद्रीत सरळ बंद पाण्याकडे निघाले. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण गावप्रमुखाला टोकणार कोण? माझी जीभ या गावात कोणाला आवरली नाही, पण तेव्हा मीही टोपलीत नजर खुपसली.

बोझेना धावली. त्यांच्या पुढ्यात जाऊन ओल्या वाळूत उकिडवी बसली, त्यांच्याहून खाली, आणि आमच्या भाषेत मोडकंतोडकं, हळूच म्हणाली, "बाबा, झावळी अजून बांधलेली आहे."

बाबांचा पाय हवेतच राहिला. त्यांनी झावळीकडे पाहिलं, मग त्या बाईकडे. मावशीनं तर ओढणीत तोंडच लपवलं. बाबांनी पाय मागे घेतला, वाळूत नीट टेकवला आणि सगळ्या गावादेखत मावशीसमोर येऊन उभे राहिले.

"दोर्ते, उद्यापासून माझी नातवंडं तुझ्या पायरीवर बसतील. जागा उरली तर मीही येईन."

मावशीचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ. "जागा आहे बाबा. फक्त पाय नळावर धुवून या."

बाबाच आधी हसले, मग गाव. आजी काठी टेकत आली तेव्हा अख्खा किनारा खदाखदा हसत होता, आणि ती विचारत होती, माझ्यावाचून उघडलंत की काय?

घरी आले तर मावशीच्या कोंबड्यांनी माझा सगळा वाफा उकरून ठेवलेला. त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही.