बंद दाराची सरासरी

सकाळी साडेसातला मीटरकाका न्हाणीघरातला ठिबकणारा नळ उघडून बसले होते. वायसर नवा आणायचा की जुनाच उलटा घालून बघायचा, यावर त्यांचं आणि बायकोचं एकमत होत नव्हतं.

"चौतीस वर्षं अख्ख्या शहराचं पाणी मोजलंत," भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "आणि घरचा एक नळ तुम्हाला बधत नाही."

"आमचं खातं मोजण्याचं. दुरुस्तीचं खातं वेगळं."

तेवढ्यात दार वाजलं.

दारात मागच्या गल्लीतली टेलरबाई उभी होती. एका खोलीत मशीन टाकून, आजारी आईला सांभाळत ती कपडे शिवायची. मापाची टेप गळ्यात तशीच राहिली होती, म्हणजे बाई कामावरून उठून आली होती. हातात एक कागद.

"काका, रागावू नका, सकाळी सकाळी आले. पण तुमच्याशिवाय जाऊ कोणाकडे?"

काकांनी ओले हात बनियनला पुसले. "आधी आत तर ये. बस."

ती बसली नाही. शहराला ऑलिंपिक हवं होतं हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. अजून दोन शहरं शर्यतीत होती, निकाल लागायचा होता, तरी चौकाचौकात धावपटूंची चित्रं लागली होती. "बाजारात तुरी," असं काकांची बायको त्या चित्रांकडे बघून म्हणायचीच. ऑलिंपिक मिळालंच, तर टेलरबाईच्या गल्लीच्या जागी खेळाडूंच्या सरावाचं मैदान होणार होतं. गल्लीतल्यांना हरकत घ्यायची मुभा होती. ती घ्यायला बाई काल ऑलिंपिकच्या कार्यालयात गेली, तर तिथल्या माणसाने तिच्यापुढे हा कागद टाकला. सर्वेक्षणाचा फॉर्म. 'आपल्या शहरात ऑलिंपिक व्हावं का?' पुढे 'हो'वर खूण. आधी होकार दिलेल्यांना हरकत घेता येत नाही, म्हणे.

"मी तेव्हा तीन आठवडे आईला घेऊन हॉस्पिटलात होते, काका. घराला कुलूप. मग 'हो' म्हणालं कोण? कुलूप?"

काका हसायला गेले आणि त्यांची नजर कागदावरच्या घर नंबरावर पडली. सतरा. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ. अशी रेघ मारायची सवय सबंध खात्यात एकट्या त्यांनाच होती. एक आणि सात यांची गल्लत नको म्हणून.

"तुम्ही सगळ्यांना ओळखता," बाई म्हणाली. "हा उपद्व्याप कोणाचा, तेवढं शोधून द्या. तुमच्यासारखा सरळ माणूस विचारायला गेला, तर ते टाळणार नाहीत."

"बघतो," काका म्हणाले. "अकरा वाजता कार्यालयातच ये. मीही येतो."

कागद काकांकडेच ठेवून ती गेली. काका पुन्हा नळापाशी जाऊन बसले, पण पाना हातात घेतला नाही.

झालं होतं ते असं. मागच्या वेळी हे शहर शेवटच्या फेरीत बाद झालं होतं. पाहणी पथकाने रस्त्यावरच्या लोकांना विचारलं, तर निम्म्यांनी हात झटकले. म्हणून या खेपेला घरोघर जाऊन होकार गोळा करायचे ठरले, आणि ते काम निवृत्त मीटरवाल्यांना दिलं. अनोळखी माणसाला कोणी दार उघडत नाही, मीटरवाल्याला उघडतं. काकांना निळी टोपी मिळाली, छातीवर बिल्ला मिळाला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना "या" म्हटलं होतं. सहाशे घरं त्यांनी गुडघे चोळत पालथी घातली.

एकतीस दारांना कुलूप होतं. तीनदा जायचं, असा नियम होता. काका दोनदा गेले. शेवटच्या दिवशी गठ्ठा जमा करताना ती एकतीस पानं कोरीच होती. फॉर्मात रकाने तीनच: हो, नाही, सांगता येत नाही. आणि हाताला वळण चौतीस वर्षांचं. घर बंद असलं की मीटरच्या वहीत मागच्या तीन वेळांची सरासरी टाकायची, पुढे जायचं. त्यात लबाडी नव्हती. पुढच्या वेळी खरा आकडा दिसायचा आणि चूक आपोआप धुऊन निघायची. त्याच सवयीने काकांनी आजूबाजूची घरं पाहिली. बहुतेक 'हो' होती. एकतीस ठिकाणी 'हो' ठोकलं, गठ्ठ्यावर सही केली आणि घरी येऊन गाढ झोपले.

माणसाच्या मनाला पुढचं रीडिंग नसतं, हे तेव्हा सुचलं नाही.

"ती रेघ मलाही दिसली," मागून बायको हळूच म्हणाली. तिच्या आवाजात आता टोमणा नव्हता, आणि तेच काकांना सोसवेना.

"सांगू कसं तिला? सरळ माणूस म्हणाली ती मला."

"मग आता वाकडे होऊ नका. जेवणाआधी जाऊन या. जेवण जाणार नाही तसंही तुम्हाला."

कार्यालयात भिंतीवर मोठा आकडा रंगवला होता: ब्याऐंशी टक्के नागरिकांचा होकार. त्याच्या खाली बाकावर टेलरबाई बसली होती. काकांना पाहून ती उठली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही भरवसा दिसला की काकांना परत फिरावंसं वाटलं. ते तिच्याशी न बोलता अधिकाऱ्याच्या टेबलापाशी गेले आणि एका दमात म्हणाले, "हा फॉर्म मी भरलाय. घर बंद होतं. असे एकतीस आहेत."

अधिकाऱ्याने आधी दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"काका, एकतिसांनी आकडा हलत नाही. ब्याऐंशीचे ब्याऐंशीच राहतात. पण फॉर्म घरी बसून भरले असं बाहेर फुटलं, तर पथक सगळंच मोडीत काढेल. गुरुवारी येतायत ते. दोन वर्षं राबतोय आम्ही. आणि तुमची लाज निघेल, ती वेगळीच."

"ती निघालीच आहे," काका म्हणाले. "सकाळपासून."

टेलरबाई टेबलाशी येऊन उभी राहिली होती. गळ्यातली टेप तिने काढली, बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली.

"काका, तुम्ही?"

काकांनी मान वर केली नाही. तिने ओरडावं, चार शिव्या घालाव्या, असं त्यांना वाटत होतं. तिने तसं काही केलं नाही.

"मला धावण्याच्या शर्यती आवडतात हो," ती अधिकाऱ्याला म्हणाली, काकांना नाही. "विचारलं असतं, तर मी कदाचित होही म्हटलं असतं. पण विचारायचं तरी." मग काकांकडे न बघता तिने विचारलं, "आता माझी हरकत नोंदवून घेणार की नाही?"

"फॉर्म चुकीचा आहे असं भरणाऱ्याने स्वतः लिहून दिलं तर घ्यावीच लागेल," अधिकारी नाइलाजाने म्हणाला. "पण काका, विचार करा. चौकशी लागेल. बिल्ला जाईल. चौतीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

काकांनी छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, एकच मागणं आहे," ते म्हणाले. "ते एकतीस फॉर्म बाहेर काढा. प्रत्येकावर मला माझ्या हाताने 'घर बंद होतं' एवढं लिहू द्या."