शहरापुरता व्हिसा

उस्मानपुऱ्यात आमच्या घराला लागून जे घर होतं, तिथल्या बाईंना मी लहानपणापासून खाला, म्हणजे मावशी, म्हणत आले. दोन घरांच्या मधे छातीएवढी भिंत होती आणि तिच्यावरून भाजीच्या वाट्या इकडून तिकडं जायच्या. खालाची थोरली बहीण कराचीला असते, एवढं मला माहीत होतं. मी शाळेत शिकवायला लागले, त्यानंतर थोड्याच दिवसांत ती येणार असं कळलं. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी लग्न होऊन ती तिकडं गेली होती आणि आता पहिल्यांदाच माहेरी येत होती. सोबत तिची मुलगी होती, माझ्याच वयाची.

व्हिसा औरंगाबाद शहरापुरता मिळाला होता. आल्यावर पोलिसांकडं नोंद करायची, जाताना पुन्हा करायची, आणि मधल्या काळात शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

ती मुलगी बुरख्यात असेल, पुरुषांसमोर येणार नाही, असं मी धरूनच चालले होते. ती रिक्षातून उतरली ती गळ्यात ओढणी टाकून, आणि आईची जड ट्रंक तिनं स्वतःच ओढत आत नेली. कराचीच्या कॉलेजात ती मुलामुलींना एकत्र रसायनशास्त्र शिकवत होती. मी तिला विचारलं, तिकडं मुलींना इतकं शिकू देतात? ती माझ्या आईसारखी मान हलवून हसली आणि म्हणाली, "देते हैं. आप के हाँ देते हैं?"

तिचीही गत माझ्यासारखीच होती. पहिल्या दिवशी पहाटे अजान ऐकून ती गच्चीवर धावली होती, खालानं नंतर सांगितलं. लाउडस्पीकरवरची अजान. इथं ती बंद असते असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्याकडं आली. आई मेथी निवडत होती. मला राग येऊ नये म्हणून फार जपून, उर्दूत, तिनं विचारलं की नवरा मेल्यावर बाईला अजून जाळतात का.

शिकलेली, प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी, आणि ती हे खरोखर विचारत होती. आईला उर्दू फारशी येत नव्हती, पण 'जलाते' तेवढं समजलं.

"तिला म्हणावं, माझी सासू विधवा आहे," आई मेथी निवडता निवडताच म्हणाली, "आणि रोज सकाळी उठून तीच आम्हाला जाळते."

मी ते सांगितल्यावर ती मुलगी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तेव्हापासून आमची गट्टी जमली.

पुढच्या आठवड्यात दारावर भाजीची गाडी आली. आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. कराचीची खाला, आम्ही तिला तसंच म्हणू लागलो होतो, डोक्यावर पदर घेऊन गाडीपाशी गेली आणि गवारीची शेंग मोडून बघत भाजीवालीला म्हणाली, "बाई, ही लई जून झाली की. कवळी नाय का?"

अगदी पिशोरकडचं, खेड्यातलं मराठी. भाजीवालीला त्यात काही नवल वाटलं नाही, ती खालची पाटी उपसू लागली. पण माझ्या शेजारी बसलेली मुलगी उभी राहिली होती. "अम्मी, ये कौन सी ज़बान है?" तिनं विचारलं. तिच्या सबंध आयुष्यात आईच्या तोंडून तिनं ही भाषा ऐकली नव्हती.

"गाँव की," तिची आई म्हणाली आणि गवार पदरात घेऊन आत गेली.

शाळेत मुक्तिदिनाचं भाषण त्या वर्षी माझ्याकडं होतं. एका संध्याकाळी मी अंगणात ते पाठ म्हणत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, ड्यूटीवरून येऊन पाय धूत होते. ते एसटीत कंडक्टर होते, पिशोरच्या गाडीवर. मुलीनं भिंतीपलीकडून विचारलं की हे कशाचं भाषण आहे. मी उत्साहानं सांगू लागले. निजामाचं राज्य, रझाकारांचा जुलूम, फौज आली, मराठवाडा मोकळा झाला. शाळेत मी शिकले होते तेवढं सगळं.

कराचीची खाला तिच्या मागं येऊन उभी होती. मी थांबल्यावर ती मराठीतच म्हणाली, "त्याच दिवसांत माझ्या बापाला मारलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती भिंतीवर हात ठेवून बोलत राहिली. तिचा बाप बागवान होता, नदीकाठी त्याची पेरूची बाग होती. फौज रस्त्यानं निघून गेली आणि दोन दिवसांनी बाहेरगावची माणसं आली. त्यांनी गावातले मुसलमान पुरुष नदीवर नेले. शेजारच्या मराठ्याच्या घरातल्या म्हातारीनं हिला, हिच्या आईला आणि कडेवरच्या धाकटीला धान्याच्या कणगीत लपवलं. मग एका पहाटे त्या म्हातारीच्या मुलानं बैलगाडीत कडबा घालून त्याखाली तिघींना औरंगाबादला मामाकडं पोचवलं. बापाचं प्रेतही पाहायला मिळालं नाही. नदीत वाहून गेलं असणार.

कडेवरची धाकटी म्हणजे आमची खाला. ती दारात उभी राहून खाली बघत होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. इतकी वर्षं ती भिंतीवरून मला वाट्या देत होती आणि मी दरवर्षी मुक्तिदिनाला नवी साडी नेसून तिला दाखवायला जात होते.

मी अण्णांकडं वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय," अण्णा म्हणाले. पाय धुवायचा तांब्या त्यांच्या हातातच होता. "ह्या घराचं नव्हतं माहीत. पण झालं ते सगळ्यांनाच माहीत हाय. कोणी बोलत नाय." मग ते भिंतीपाशी गेले. "बाई, त्याच्या आधी सहा महिने आमचं घर जाळलं होतं रझाकारांनी. माझा चुलता आत होता."

आता कराचीच्या खालाचा चेहरा बदलला. "आमच्या गावात नव्हते रझाकार," ती म्हणाली.

"तुमच्या नव्हते. आमच्या आले होते."

"कुठलं तुमचं गाव?"

अण्णांनी सांगितलं. नदीच्या पल्याडचं गाव, तिच्या बागेतून दिसायचं.

मुलगी आईला हलवून विचारत होती की काय चाललंय, आणि मला ते तिला उर्दूत सांगावं लागलं. नाना, म्हणजे आईचे वडील, प्रवासात तापानं गेले, असं तिला घरी सांगितलेलं होतं. ती आईवर चिडली नाही, ती नुसती खाली बसली. मग तिनं विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं?

"तिकडं सांगितलं असतं तर मारणारेच लक्षात राहिले असते," आई तिला म्हणाली. "कणगीवाली म्हातारी कोणी ऐकून घेतली नसती."

अण्णांच्या गाडीवर कराचीच्या खालाच्या गावची माणसं रोजची होती. म्हातारी कधीच गेली होती, तिचा मुलगा मात्र होता, बैलगाडी हाकणारा. अण्णांनी त्याला निरोप दिला. तो आला नाही. पुन्हा दिला, तरी नाही. तिसऱ्या खेपेला अण्णा गाडी थांब्यावर असताना स्वतः त्याच्या दारात गेले आणि त्याला सोबत घेऊनच आले.

साठीचा, पांढरी टोपी घातलेला माणूस. खालाच्या घरात खुर्ची दिली तरी तो दाराजवळ उकिडवा बसला. कराचीची खाला बाहेर आली.

"लई वाळलीस गं बाई," तो म्हणाला.

तिनं त्याचे हात धरले आणि ती रडू लागली. थोड्या वेळानं त्यानं हात सोडवून घेतले. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि ते आधी उरकून टाकायचं होतं.

"जमीन आमच्याकडंच हाय," तो म्हणाला. "बाग राहिली नाय, आता कापूस असतो. गावात समदे म्हणत्यात, पाकिस्तानवाली जमीन मागायला आली. म्हणून येत नव्हतो."

जीव वाचवणारं घर आणि जमीन घेणारं घर एकच होतं, आणि तो माणूस हे आमच्यासमोर सरळ सांगत होता. मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिच्या कपाळावर आठ्या आल्या. पण तिची आई डोळे पुसत म्हणाली, "कराचीला कुठं नेऊ रं दादा जमीन? आमचं घर तिसऱ्या मजल्यावर हाय."

तेव्हा कुठं तो मोकळा झाला. "तुझा बाप बागेतच हाय," तो म्हणाला. "मायनं मला अन् माझ्या बापाला नदीवर धाडलं, त्याला उचलून आणायला. मशिदीत एक म्हातारं माणूस लपलं होतं, त्यानं पुरताना काय ते म्हणलं. मायनं मरेपर्यंत तिथं नांगर लावू दिला नाय. मीबी लावला नाय."

तीस-पस्तीस वर्षं कराचीच्या खालानं बापाला नदीत वाहून गेलेला मानलं होतं. आमची खाला तर कराचीला नव्हती. ती इथंच होती, एसटीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मामानं त्या दिशेचं नाव काढू दिलं नाही म्हणून ती गेली नाही, आणि जमिनीपायी हा माणूस तिच्या दारात आला नाही.

कराचीची खाला तिथं जाऊ शकली नाही. मुलगी मला घेऊन पोलिसांकडं परवानगी विचारायला गेली. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि नियम दाखवला. आम्ही निघताना म्हणाले, पुढच्या वेळी दोन ठिकाणं मागून घ्या. पुढची वेळ आली नाही. त्या दोघी ठरल्या दिवशी परत गेल्या, आणि तीनेक वर्षांनी कराचीची खाला तिकडं वारली.

त्या दोघी गेल्या त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी खालाला आणि अण्णांना घेऊन त्या गावाला गेले. तो माणूस तालुक्याला गेला होता. त्याच्या सुनेनं आम्हाला शेतात नेलं. कापूस फुटला होता. मधोमध निंबाच्या झाडाखाली चुन्यानं रंगवलेला ओटा होता, त्यावर हिरवी चादर आणि फोडलेल्या नारळाच्या करवंट्या.

"लई जागृत हाय," सून म्हणाली. "पीरबाबा हायेत आमचे. दर बेस्तरवारी गावातून बाया येत्यात. तुमी नवस बोलायला आलात का?"

मी खालाकडं पाहिलं. तिच्या बापाला लोक पीर म्हणून पुजतात, तो कोण होता हे त्यांना माहीत नाही, आणि कसा मेला हे माहीत असलेले गप्प आहेत. अण्णांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण खालानं त्यांचा हात दाबला.

"व्हय," ती सुनेला म्हणाली. "नवस बोलायला."

तिनं चपला काढल्या, ओट्यापाशी बसली आणि दोन्ही हात उघडून ओठातल्या ओठात दुवा मागू लागली. सून तिच्या शेजारी बसली आणि तिनंही हात जोडले.