काळ्या भिंतीपलीकडची बाव

तारोडीच्या आमच्या घरी तुरीची डाळ कधी धड शिजली नाही. आई ती आदल्या दिवशी भिजवायची, सोडा घालायची, पुन्हा पुन्हा उकळायची, तरी वरणात दाणा दाताखाली यायचाच. साबणाला फेस येत नसे. न्हालेले केस काथ्यासारखे होत. हे सगळं आमच्या विहिरीच्या मचूळ पाण्याचं कर्तृत्व. आणि हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, काळ्या दगडाच्या एका लांबलचक उंचवट्यापलीकडे, मोठ्या काकांची विहीर होती. तिचं पाणी गोडं. तिथे डाळ शिजायची, आणि फोडणीचा वास वाऱ्यावर आमच्याकडे यायचा.

आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. ती बाव मुळात आजोबांची, म्हणजे सगळ्यांचीच. आई लग्न होऊन आली ती तिच्या काठावर पाय धुऊनच घरात शिरली. पुढे आजोबा गेले आणि वाटणी झाली. आमच्या घराण्यात वाटणीची एक रीत आहे: थोरल्याने हिस्से पाडायचे आणि धाकट्याने आधी निवडायचं. दिसायला फार न्यायाची रीत. काकांनी मोजणी वगैरे काही केली नाही. काळा उंचवटा उत्तर-दक्षिण सरळ गेलेला, आयता बांध. तो स्वतः देवानं घातलाय, असं म्हणून त्यांनी तिथेच रेघ मारली. बांध आणि वरची, डोंगराकडची बाजू एक हिस्सा, समुद्राकडची बाजू दुसरा. समुद्राकडची बाजू मोठी होती, सपाट होती, ताडाची झाडं होती. माझ्या वडिलांनी ती निवडली. बाव पलीकडे गेली तर गेली, म्हणाले, आपण खणू. त्यांनी खणली. पाणी भरपूर लागलं, आणि पहिल्याच ओंजळीला त्यांनी तोंड वाकडं केलं.

काकांकडे पाण्याचं बोलायला गेले तर काका एवढंच म्हणाले, "तू निवडलंस."

हे दोन शब्द त्यांनी पुढे आयुष्यभर वापरले. काकी तर त्यांच्याहून तयारीची. सुरुवातीला आईला एक हंडा भरू द्यायची, मग उन्हाळ्यात बाव आटते म्हणून बंद केलं, मग पावसाळ्यातही बंदच ठेवलं. एके दिवशी रहाटाचा दोर काढून घरात नेला. आई सार्वजनिक नळावर जाऊ लागली. तिथे रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका विचारायच्या, तुमची येवढी मोठी बाव हाय ना? आई हसून वेळ मारून न्यायची आणि घरी येऊन भांडी आदळायची.

माझ्या हळदीला तर कमाल झाली. आमच्यात नवऱ्या मुलीच्या आंघोळीचं पाणी घराण्याच्या बावीवरून वाजतगाजत आणतात. बायका कळशा घेऊन, ढोलकीवाला पुढे घालून काकांच्या अंगणात गेल्या. काकी दारात उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तुमची बाव तुमच्या वाटणीत हाय ना? तिकडचा न्या." ढोलकी थांबली नाही, हे मला फार लागलं. बायका तशाच वाजत वळल्या आणि आमच्या खाऱ्या बावीवर आल्या. मी मचूळ पाण्यात न्हाले. हळद अंगाला चिकटून बसली आणि लग्नात मी सगळ्या फोटोंत आजाऱ्यासारखी पिवळी दिसते. आईने त्या दिवशी ठरवलं की मरताना तोंडात त्याच बावीचं पाणी पडलं पाहिजे. गंगा नको, तुळस नको. ते तिचं माप होतं. दिलं तर सगळं फिटलं, नाही दिलं तर त्या बाईला वरती जाब द्यावा लागेल.

मी पुढे भूगोलाची शिक्षिका झाले, मीरा रोडच्या एका कॉलेजात. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, मॅडम, आपल्याकडे ज्वालामुखी का नाही? मी सांगते, अरे, तुम्ही उभे आहात ते काय आहे? पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याच्या मोठाल्या फरशा आहेत आणि त्या नखं वाढावीत तशा हळू सरकतात. आपली फरशी उत्तरेकडे निघाली होती. वाटेत ती खोल पोटातल्या एका तापलेल्या जागेवरून गेली, तिथे ती भेगाळली, आणि भेगांतून लाव्हा वाहिला. एकदा नाही, थरावर थर. सह्याद्रीच्या पायऱ्या म्हणजे तेच थर. फरशी पुढे सरकली, आग मागे राहिली. आज ती दूर दक्षिणेला हिंदी महासागरातल्या एका बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून ओकतो. आपली फरशी तिकडे आशियाला धडकली, हिमालय वर आला, अजून येतोय. म्हणून आपल्याकडे आता आग नाही, फक्त राहिलेला दगड आहे.

मुलं लिहून घेतात आणि विसरतात. मी विसरू शकत नाही, कारण पुढचा भाग आमच्या अंगणातला आहे. तो काळ आपल्या पश्चिम किनाऱ्याचाही फाटण्याचा होता. पश्चिमेकडचा एक तुकडा तुटून निघून गेला; सेशेल्सची बेटं म्हणजे त्याचंच उरलेलं अंग. तो तुटताना इथली जमीन ताणली गेली आणि किनाऱ्याला समांतर उभ्या चिरा पडल्या. त्यांत खालून लाव्हा चढला आणि आतच थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजला, हा टणक, हा उरला. आमचा काळा बांध तो हा. जमिनीवर दिसतो गुडघाभर. खाली किती खोल जातो कोण जाणे. देवाने घातलेला वगैरे काही नाही, जमीन फाटल्याचा तो व्रण आहे. आणि डोंगराकडून झिरपत येणारं पावसाचं पाणी या भिंतीला अडून वरच्या बाजूला साठतं. समुद्राचं खारं पाणी खालच्या बाजूला थांबतं. काकांनी नेमकी त्याच्यावर रेघ मारली होती. मला हे उमगलं तेव्हा माझे वडील हयात नव्हते, नाहीतर त्यांना सांगितलं असतं की तुमचं नशीब तुम्ही जन्मण्याआधीच फाटलं होतं. त्यांना त्याचा काही उपयोग झाला नसता.

काका माणूस वाईट नव्हते असं लिहायची पद्धत आहे. ते होते. वय झाल्यावर त्यांनी अंगणात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बंगला बांधला, आणि बंगल्याला पोहायचा तलाव हवा म्हणून त्यांच्या मुलाने खोदायचं यंत्र मागवलं. तलाव बांधाच्या त्यांच्या बाजूला, बांधाला धरून होणार होता. काळी भिंत मागे शोभेला राहणार होती. मला हे कळलं तशी मी तारोडीला गेले. भांडण बाजूला ठेवून गेले, कारण पाणी पाणी असतं. काकीने चहा दिला. इतक्या वर्षांनी गोड्या पाण्याचा तो चहा एवढा चांगला लागला की मला रडू आलं असतं. मी काकांना सगळं समजावलं: भिंत हलवू नका, तिच्याजवळ खोल जाऊ नका, मोटर लावून उपसू नका, भिंत फुटली की समुद्र तुमच्या बावीत येईल.

काकांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि मुलाला म्हणाले, "हिला हा दगड येवढा प्यारा का हाय?"

"काका, मी तुमच्या भल्याचं सांगतेय."

"तुमी? आमच्या भल्याचा?" ते हसले. खरंच मनापासून हसले. "तुज्या बापानं निवडला ता चुकला, आता तू बांध राखाया सांगतंस. कायतरी हाय ह्यात."

आणि मग त्यांनी जो तलाव भिंतीला धरून होणार होता, तो भिंतीत घातला. मी निघाले तेव्हा अंगणात चुन्याची नवी रेघ पडत होती. यात माझी चूक आहे असं मला कोणी सांगितलेलं चालत नाही. दुसऱ्या हिश्श्यातून आलेलं खरं हे खोट्याहून वाईट धरायचं, ही आमच्या घराण्याची अक्कल. ती वाटणीत दोन्हीकडे सारखी आली.

यंत्राने तो दगड फोडायला पुष्कळ घाम गाळला. तलाव भरायला मोटर लागली. पुढच्या उन्हाळ्यात बाव खारी झाली. आधी पाहुण्यांनी चहा न पिता तसाच ठेवला, मग केळींची पानं कडेने जळली, मग काकीची डाळ शिजेना. हे मला गावातल्या एका बाईने फोनवर सांगितलं आणि मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, मी त्या दिवशी गोडाचं केलं. इतकी वर्षं आईच्या चुलीवर रटरटलेली ती दगडासारखी डाळ आता काकीच्या कुकरात होती.

आई तोवर माझ्याकडे, मीरा रोडच्या पूनम सागरला होती. गुडघे गेले, मग हृदय थकलं. आमच्या इमारतीला पालिकेचं पाणी, कमी पडलं की टँकर. आईला ते आवडत नसे. तोंडाजवळ नेऊन वास घ्यायची, औषधाचा पानी म्हणायची आणि ग्लास परत द्यायची. शेवटी डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा तिने तोंड उघडलं ते एकाच गोष्टीसाठी.

"त्या बावीचा पानी आण."

"आई, ती बाव खारी झाली. बांध फोडला ना त्यांनी. सांगितलं होतं तुला."

"त्या बाईनं उठवलंय," आई म्हणाली. "आपण मागू न्हाय म्हनून."

मी भिंत, समुद्र, मोटर, सगळं पुन्हा सांगितलं. वर्गात ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. शेवटी मी काकीला फोन लावला. काका त्याआधीच्या पावसाळ्यात गेले होते. मी म्हटलं, आई शेवटचं मागतेय, कसं का असेना, आण. काकी एवढंच म्हणाली, येते.

ती बसने भाईंदरला आणि तिथून शेअर रिक्षाने, तांब्याचा मोठा तांब्या मांडीवर धरून आली. तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. खालच्या वॉचमनने किसके यहाँ जाना है विचारलं तर तिला मराठीही सुचेना, मी वरून हाक मारली. लिफ्टमध्ये ती मला हळू आवाजात म्हणाली, "वाटंत बाटलीचा पानी घेतला हुता. म्हटला, ओतते ह्यात, तिला काय कलनार हाय. मंग न्हाय ओतला." मग म्हणाली, "आता तरी खोटा नको." लग्न होऊन आल्यापासून या बाईने केलेली ही पहिली चांगली गोष्ट असावी. मी तिचा हात धरला.

आईने तिला पाहिलं आणि चेहरा असा उजळला की मी तसा कधी पाहिला नव्हता. उठून बसायचा प्रयत्न केला. काकीने फडकं सोडलं, मी चमचा आणला, पण आईने मान हलवली. तिला ते काकीच्याच हातून हवं होतं. तिने चमचा आईच्या ओठांना लावला.

आईने पाणी तोंडात धरलं. गिळलं नाही. इतकी वर्षं जे मचूळ पाणी तिने रोज चाखलं होतं, ते तिच्या जिभेला पक्कं ओळखीचं होतं. ते तिने हळूच वाटीत थुंकलं.

"हा आपल्याच बावीचा," ती मला म्हणाली, काकीकडे न बघता. "शेवटपर्यंत दिला न्हाय हिनं."

"आई, तिच्याच बावीचं आहे गं. दोन्ही आता सारखीच."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बांध राखायला सांगितला त्या दिवशी काकांनी पाहिलं होतं ना, अगदी तसंच. मी कुठल्या बाजूची झाले ते तिला कळलं होतं. काकीच्या हातातला चमचा अजून तसाच होता. तिने बोलून तरी कोणाला पटणार होतं?

मग आईने चूळ भरायला नळाचं पाणी मागितलं.