बी. जी. चव्हाण कोण?

आमच्या आबांना "ए" म्हणून हाक मारून बघा. मान वळणार नाही. "अहो चव्हाण" म्हणा, तरी नाही. बुद्धघोष म्हणा, अख्खं म्हणा, मग म्हणतील, "बोला."

मी करुणा, त्यांची थोरली लेक. इंदापूरला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. चौदा वर्षं लसीकरणाची कार्डं लिहितेय, म्हणून सांगते, नावांचीही साथ येते. मी नोकरीला लागले तेव्हा दर चौथं पोरगं ऋषिराज नाहीतर शंभूराज. आता सगळे अंश. रेयांश, विवांश, दिव्यांश. एकदा मी "रेयांश!" म्हणून हाक मारली तर पाच आया उठून उभ्या राहिल्या. पण बुद्धघोष? एकाही कार्डावर लिहिलेलं नाही.

आणि एकेकाळी तेच नाव नवंकोरं होतं, बरं का! पळसदेवला आमच्या घरात त्याआधी दगडू, धोंडी, कचरू असलीच नावं. थोरले काका दगडू, कारण ते छप्पन्नच्या धम्मदीक्षेआधी जन्मले. आबा जन्मले सहासष्ट साली. आमचे आजोबा गंगाराम भंतेंकडे गेले आणि म्हणाले, "ह्या गावात आजवर कुणी ठेवलं न्हाय, असं नाव द्या." भंतेंनी दिलं. आजोबांच्या तोंडात ते बसायला आठ दिवस लागले म्हणे. पुढं दहा वर्षांत वस्तीत आणखी तीन बुद्धघोष झाले.

गावाला मात्र ते पचेना. शाळेत मास्तर "बुध्या" म्हणायचे. आजोबांनी पोराला बजावलं, "पुरं नाव घेतल्याबिगर ओ द्यायची न्हाय." पोरानं छड्या खाल्ल्या, तळहात सुजवून घेतला, पण ओ दिली नाही. चौथीत मास्तरच दमले.

तीच खोड पुढं बारामती एमआयडीसीत. दूध पावडरीच्या कारखान्यात आबा तीस वर्षं बॉयलरवर. एक नवा मॅनेजर आला, त्याला एवढं नाव जड झालं, त्यानं "बी. जी." करून टाकलं. दुपारभर "बी. जी., बी. जी." ओरडत होता. शेवटी समोर येऊन उभा राहिला, लालबुंद. आबा म्हणाले, "मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलवताय." त्या वर्षीची बढती गेली. आई कडाडली, "नावानं पोट भरतं व्हय?" आबा म्हणाले, "न्हाय भरत. म्हणून तर कामाला जातो."

अशा माणसाचा मुलगा अनुप, माझा धाकटा भाऊ. तोही एमआयडीसीतच, पण एसीत बसून. दोन वर्षांपूर्वी त्यानं आणि त्याच्या बायकोनं, तेजश्रीनं, जळोचीत भाड्यानं फ्लॅट घेतला. मालकांनी विचारलं, "वडिलांचं नाव?" चव्हाण काय, सगळ्या समाजांत असतात. आडनावावरून काही कळत नाही, वडिलांच्या नावावरून कळतं. अनुपला त्याआधी दोन ठिकाणी नकार मिळालेला. तो म्हणाला, "बी. जी. चव्हाण." मालक खूश. चावी मिळाली. हे त्यानं आम्हाला कुणाला कळू दिलं नाही.

कळलं ते बाळाच्या बारशाला. मोबाईलवर आमंत्रण आलं, पाळण्याचं चित्र, फुगे, आणि खाली ठळक, "निमंत्रक : श्री. बी. जी. चव्हाण." दहा मिनिटांत आबांचा फोन. "करुणा, हा बी. जी. चव्हाण कोण गं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनुपला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, बारसं बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच आहे, मालक पहिल्या खुर्चीत बसणार. समजून घे ना." मी म्हटलं, "मेल्या, बापाच्या नातवाचं बारसं आणि बापालाच लपवतोस?" त्यानं फोन ठेवला. मी तेव्हाच ठरवलं. नाव सांगायचा मान आत्याचा. ह्यांनी रेयांश काढलंय ना? मी भर मांडवात बुद्धघोष म्हणणार. बघू कोण अडवतंय!

रविवारी अकराला माणसं जमली. बाळ पाळण्यात, मालक पुढच्या खुर्चीत. आबा आले, पांढराशुभ्र सदरा घालून, पण आत आलेच नाहीत. रस्त्यापलीकडं मोटारसायकल लावली आणि तिच्यावरच बसून राहिले. पहिलाच नातू, पंधरा पावलांवर, आणि हा माणूस हलेना.

बायका म्हणाल्या, "आत्याबाई, नाव सांगा." मी म्हटलं, "आजोबा आत आल्याबिगर नाही."

अनुप पळत गेला. त्याच्यामागं मीही. "आबा, चला ना."

"कसा येऊ? आमंत्रण बी. जी. चव्हाणांचं हाय. दुसऱ्याच्या घरच्या कार्यात मी न्हाय घुसत."

"आबा, घर जाईल हो. तान्हं बाळ घेऊन कुठं फिरू?"

"पळसदेवला घर हाय तुझं. तिथं माझं नाव सांगावं लागत न्हाय, सगळ्यांना ठावं हाय." मग खाली बघत ते म्हणाले, "माराचं काय न्हाय वाटलं रं मला कधी. ह्याचं वाटलं."

अनुप माघारी वळला आणि त्यानं माईक घेतला. बारीक आवाजात म्हणाला, "माझे वडील, बुद्धघोष गंगाराम चव्हाण, यांनी आत यावं."

रस्त्यापलीकडून आरोळी आली, "ऐकू आलं न्हाय!"

सगळ्या माना मालकांकडं वळल्या. अनुपनं माईक खाली ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि नुसत्या तोंडानं ओरडला, "बुद्धघोष गंगाराम चव्हाण! माझा बाप! आत या!" वरच्या गॅलऱ्यांतनं माणसं डोकावली.

आबा उतरले, सदरा झटकला आणि चालत आले.

मालक उठले होते. "अनुपराव, म्हणजे तुमी..."

"व्हय," अनुप म्हणाला. साहेबी भाषा कुठल्या कुठं पळाली होती. "महिनाअखेरीस घर सोडतो. पर आज जेवून जावा."

"काम हाय जरा," असं म्हणून मालक जिना चढून गेले.

मी पाळण्यापाशी वाकले, ठरवलेलं नाव अगदी ओठांवर. आबांनी माझा दंड धरला. "त्यांनी काढलेलंच सांग. माझ्या बापानं नवं नाव काढलं तवा कुणाला विचारलं न्हवतं. ह्यानं तरी का विचारावं?"

मग मी रेयांश सांगितलं. माझ्या रागाचं नुकसान झालं, पण सांगितलं. तेजश्री डोळे पुसत होती, अनुपही.

पंगत बसली. मालकांसाठी पुढं वेगळं टेबल मांडलं होतं, ताट वाढलेलं, जिलबी जास्तीची. वाढपी विचारू लागला, "हे ताट उचलू का?"

आबांनी खुर्ची ओढली. "राहू दे," म्हणाले, आणि नातवाला मांडीवर घेऊन जेवायला बसले.