हायड्रोजन आणि हेलियमच्या मधली जागा

आमच्या भागात कुठलीही वस्तू नुसती उभी राहत नाही, ती कुणाच्या तरी सौजन्याने उभी राहते. बसथांब्यावरचा बाक, पाण्याचा कूलर, स्मशानातली शेड, सगळ्यांवर नाव आहे. बाकावर ते नेमकं पाठ टेकायच्या जागी आहे, म्हणजे एसटीची वाट पाहणारा माणूस दात्याचं आडनाव झाकून बसतो आणि दाता समोरून गेला की ओशाळून पुढे सरकतो. स्मशानातल्या शेडवर तर दात्याचा फोटोही आहे, हसरा. तिथे ते कशाला हसतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

शाळेच्या भिंतीवर आवर्तसारणी रंगवायचं ठरलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आमची शाळा भवानीनगरहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत आहे. मी तिथे इतिहास शिकवत होतो. विज्ञानाच्या बाई शेळगावच्या, बौद्ध कुटुंबातल्या, वडील बँकेतून निवृत्त झालेले. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या या बाई आमच्याकडे तासिकेवर होत्या. जूनमध्ये संस्थेची ऑर्डर आली तर वर्षभर नोकरी, नाही तर घरी. पुढच्या जूनमध्ये मात्र ती जागा कायमची भरायची होती आणि ती बाईंनाच मिळणार हे सगळे धरून चालले होते. फक्त ऑर्डरवर सही हवी होती संस्थेच्या अध्यक्षांची. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांचे विरोधकही आबाच म्हणत, पण जरा वेगळ्या सुरात.

मागणी बाईंचीच होती. प्रयोगशाळेतला तक्ता गुंडाळून गुंडाळून फाटला होता आणि मुलं आवर्तसारणी आरतीसारखी म्हणत होती. मीही शाळेत असताना तशीच म्हटली होती. हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत मी आजही श्वास न घेता म्हणू शकतो. कॅल्शियमनंतर काय येतं आणि मुळात हे सगळे एका रांगेत का उभे आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आरतीचा अर्थ कोण विचारतो?

बाईंनी तो मला शिक्षकांच्या खोलीत, चहा निवायच्या आत सांगितला. म्हणाल्या, "सर, अणू म्हणजे लग्नातली पंगत समजा. मधे केंद्रकात प्रोटॉन. जेवढे प्रोटॉन तेवढेच इलेक्ट्रॉन बाहेर जेवायला. पण पहिल्या पंगतीत पानं दोनच. ती भरली की दुसरी पंगत, तिथं आठ. सोडियमकडे अकरा आहेत. कसे बसतील?"

"दोन, आठ आणि एक."

"तो शेवटचा एकटा. आता पोटॅशियम. एकोणीस."

मी बोटं मोजली. दोन, आठ, आठ, एक. पुन्हा एकटा.

"म्हणून पोटॅशियम सोडियमच्या खाली. उभी ओळ म्हणजे शेवटच्या पंगतीत सारखीच माणसं. स्वभाव सारखा, म्हणून जागा एकाखाली एक. आणि सगळा व्यवहार शेवटच्या पंगतीतलाच करतो. पहिल्या पंगतीतले दोघं नुसते बसून असतात, रसायनशास्त्रात त्यांना कुणी विचारत नाही."

आमच्याकडच्या पंगतींत आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकून किती बरं वाटलं असेल, ते सांगता येणार नाही. पहिल्या पंगतीसाठी भाऊबंदकी झालेली मी पाहिली आहे.

मुख्याध्यापकांनी मागणी आबांकडे नेली आणि आबांनी तिचं सोनं केलं. हा वाक्प्रचार मी जपून वापरतो आहे, कारण पुढे तसंच झालं. आबांनी ठरवलं की एकेक चौकोन एकेका दात्याला द्यायचा आणि चौकोनाच्या तळाशी त्याचं नाव टाकायचं. आठवडाभरात मूलद्रव्यांना गिऱ्हाईक मिळू लागलं. वेल्डिंगच्या दुकानवाल्याने लोखंड घेतलं. गाड्यांच्या नंबरप्लेटला चमकत्या पट्ट्या लावणाऱ्याच्या दुकानाला आमच्याकडे रेडियमचं दुकान म्हणतात, त्याने अर्थातच रेडियम घेतलं आणि तो आजही समजतो की त्याच्या पट्ट्या या रेडियमपासूनच होतात. मांडववाल्याने फुग्यांच्या जिव्हाळ्याने हेलियम घेतलं. खतवाल्याने नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही घेतली आणि ती शेजारीशेजारी रंगवा असा आग्रह धरला, कारण पोत्यावर तशीच असतात. बाईंनी त्याला समजावलं, तो ऐकला. आर्सेनिक कुणीच घेतलं नाही. सोनं कुणाचं, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

हायड्रोजन उरला होता. वायू, दिसत नाही, विकला जात नाही, म्हणून तो शेजारच्या गावच्या तात्यांच्या गळ्यात मारला. तात्या म्हणजे सोसायटीच्या निवडणुकीत आबांविरुद्ध उभे राहून पडलेले गृहस्थ. त्यांनी तो निमूट घेतला.

पेंटरने खडूने चौकोन आखले त्या दिवशी आबा पाहणीला आले. मागे नेहमीचे चार-पाच जण होते. आबांनी भिंत वरून खाली पाहिली. डावीकडे सगळ्यात वर, एक नंबर लिहिलेला चौकोन होता आणि त्याच्या तळाशी तात्यांचं नाव. आबांचं नाव शोधायला माळ्याला भिंतीलगतची कुंडी बाजूला करावी लागली.

"ह्ये काय?"

"सोनं, आबा," पेंटर म्हणाला. "एकोणऐंशी नंबर."

"आन् त्यो एक नंबर?"

पेंटरने ब्रश नसलेला हात पुसला.

मुख्याध्यापकांनी प्रयत्न केला. "आबा, तक्त्यात वजनदार मंडळी खालच्याच ओळींत—"

"मला येड्यात काढू नका." आबा पुन्हा वर पाहू लागले आणि त्यांचा चेहरा उजळला. आवर्तसारणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल, तिच्या पहिल्या ओळीत दोनच चौकोन असतात, एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला. मधे मोकळी भिंत. "ही मधली जागा तर रिकामीच हाय की! सोनं हितं घ्या. जरा मोठं घ्या."

मागचे चौघे म्हणाले, व्हय, व्हय, शोभून दिसंल. इतकी मोक्याची जागा कुणी रिकामी ठेवली याचंच त्यांना नवल वाटत होतं. आमच्या तालुक्यात विजेच्या खांबावरही एवढी जागा मोकळी सापडत नाही.

"ती रिकामी नाही, आबा," बाई म्हणाल्या. "तिथं काही असूच शकत नाही. पहिल्या कक्षेत दोनच इलेक्ट्रॉन मावतात, म्हणून पहिल्या ओळीत दोनच मूलद्रव्यं. ती मोकळी जागा हाच धडा आहे."

"धडा पुस्तकात असू द्या. भिंत संस्थेची हाय."

"सोनं चांदीच्या खाली येतं. चांदी तांब्याच्या खाली. तिघांचा स्वभाव एक आहे."

"सोनं चांदीच्या खाली? कुठल्या सराफाला तरी इचारा."

"जागा प्रोटॉन मोजून ठरते, आबा. मान पाहून नाही." मग त्या हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जन्मावरून जागा ठरायची ती या एकाच तक्त्यात ठरू द्या."

मागचे चौघे अचानक बूट पाहू लागले. आबा मूर्ख नव्हते, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. वाक्य कुठून आलं आणि कुठे लागलं ते त्यांना बरोबर कळलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, जूनची ऑर्डर माझ्या सहीनं निघती, ठाऊक हाय न्हवं?"

"आहे."

"मग?"

"मग काय, आबा? सोनं चांदीच्या खालीच."

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी बाईंना इंदापूरला एका प्रशिक्षणाला पाठवलं. प्रशिक्षण कशाचं होतं हे तिथे बसलेल्यांनाही दुपारपर्यंत कळलं नव्हतं म्हणे. त्या परत आल्या तेव्हा हायड्रोजन आणि हेलियमच्या मधे, इतर चौकोनांच्या चौपट आकाराचं सोनं झळकत होतं. रंग मंदिराच्या कळसाला देतात तो.

पंधरा ऑगस्टला उद्घाटन झालं. एका वक्त्याने अणूचा शोध आपल्याकडेच लागला आणि तो पळवला गेला असं सांगितलं. कुणी पळवला ते वेळेअभावी राहिलं. दुसऱ्याने आवर्तसारणीतून सर्वांना सोबत घेऊन चालण्याचा संदेश मिळतो असं सांगितलं. तो हेलियम, निऑन, आर्गॉन या कुणाशीही न बोलणाऱ्या वायूंना ऐकवायला हवा होता. आबा म्हणाले, मी या अणूच्या पाठीशी खंबीरपणे उभा आहे. टाळ्या झाल्या. बाई मुलींच्या रांगेशेजारी उभ्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, मोजून दोन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दहावीचा वर्ग भिंतीसमोर बसवला. माझा तास मोकळा होता, मी कडुलिंबाखाली उभा राहिलो. त्या मुलांना म्हणाल्या, "या भिंतीवर सगळं बरोबर आहे. एकच चौकोन चुकीच्या जागी आहे. कोणता ते लहान पोरही सांगेल. का ते मला सांगायचं."

त्या वर्षी आमच्या शाळेत अणुरचना जशी शिकली गेली तशी पूर्वी कधी शिकली गेली नाही. मुलं सुट्टीत भिंतीशी वाद घालत. सोन्याला पंगती किती लागतात? सहा. मग पहिल्या ओळीत कसं बसेल? तात्यांच्या आणि मांडववाल्याच्या मधे बसायचं तर इलेक्ट्रॉन किती हवेत? एकाहून जास्त आणि दोनाहून कमी. मग दीड? दीड इलेक्ट्रॉनचा माणूस कसा दिसत असेल, यावर मागच्या बाकावर बरंच संशोधन झालं. आरती म्हणणं बंद पडलं. आबांनी उपकार केले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण झालं ते असं.

सहामाही परीक्षेत बाईंनी तोच प्रश्न घातला. मी त्यांना म्हणालो, "जून लांब नाही."

त्या म्हणाल्या, "सर, मुलांना मी चुकीचं खरं म्हणून शिकवू, की चूक म्हणून शिकवू? दोनच पर्याय ठेवलेत मला."

दहावीत आबांची नात होती. तिला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण पडले आणि तिने ते जेवताना घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आबा मुख्याध्यापकांच्या खोलीत होते आणि त्यांनी बाईंना बोलावून घेतलं होतं. शेजारच्या खोलीत मी पेपर तपासत होतो, आणि मधली भिंतही कुणाच्या तरी सौजन्याने बांधलेली, म्हणजे पातळ.

"आमी चुकीच्या जागी हाय, ह्ये परीक्षेत इचारायची गरज होती का?"

"सोनं चुकीच्या जागी आहे," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव त्याच्या खाली आहे, एवढंच."

"पोरीनं दोन कारणं लिवली."

"तीन लिहिली. तिसरं मी शिकवलंही नव्हतं."

आबांना राग जास्त आला होता की अभिमान, ते त्यांनाच ठरवता येत नसावं. मग खुर्ची सरकली.

त्याच रविवारी पेंटर आला. मधलं सोनं पांढऱ्या रंगाखाली गेलं आणि चांदीच्या खाली, कुंडीच्या मागे, मापात बसवलं गेलं. भिंत बिनचूक झाली. जूनमध्ये बाईंची ऑर्डर निघाली नाही. आबांच्या मेहुण्याच्या सुनेची निघाली. म्हणजे भिंतीपुरतं आबांना बाईंचं म्हणणं पटलं होतं. पटवून देणाऱ्याचं काय करायचं याबाबत त्यांचे नियम वेगळे होते. नव्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात मुलांना आवर्तसारणी चालीवर पाठ करायला दिली. चाल चांगली आहे.

बाईंनी बारामतीत अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राचा क्लास सुरू केल्याचं मला कळलं होतं. जुलैमध्ये चष्म्यासाठी बारामतीला गेलो तेव्हा पत्ता विचारत गेलो. भांड्यांच्या दुकानाच्या वर एक खोली होती आणि जिन्यावर पालकांची रांग. रांगेत मधोमध, एका हातात टोपी धरून, आबा उभे होते.

"सर, तुमी हितं?"

"चष्म्याला आलो होतो. तुम्ही?"

"नातीचं अॅडमिशन." त्यांनी आवाज खाली आणला. "म्हणती, शिकीन तर त्याच बाईंकडं. दुसरीकडं कुठं बसतच न्हाय. काय करता?"

"काय करणार," मी म्हणालो.

"तुमी वळखीचं हायसा. तेवढं सांगा की बाईंना. पोरीला पुढच्या बाकावर बसवा म्हणावं."

मी वर गेलो. बाई फळा पुसत होत्या. थोड्या बारीक झाल्या होत्या. कायमची नोकरी गेल्याचं दुःख होतं ते त्यांनी लपवलं नाही. वडील अजून रोज विचारतात म्हणाल्या. मग मी आबांचा निरोप सांगितला.

"घेणार ना तिला?"

"का नाही? माझी सगळ्यात हुशार मुलगी आहे ती."

"आणि पुढचा बाक?"

"इथं उंचीप्रमाणे बसवते, सर," त्या डस्टर झटकत म्हणाल्या. "ती उंच आहे. मागं बसेल."