मोहफुलांच्या लाडवांची सुनावणी

वहिनी माझ्यापेक्षा चार इयत्ता कमी शिकलेली. मी ग्रामपंचायतीत लोकांचे अर्ज लिहून केस पांढरे केलेला. तरी कागदावर माणसानं ताठ कसं उभं राहावं, हे मी तिच्याकडूनच शिकलो, तेही साठीला टेकल्यावर.

सिहोऱ्याला आमच्या मागच्या अंगणात ती मोबाइल टेकवून झाडीपट्टीचे पदार्थ करून दाखवायची. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपला की इकडे बायांच्या हाताला काम नसतं. तिनं त्या व्हिडिओंवर बारमाही काम उभं केलं. नागपूर-पुण्याच्या मुली तिच्याकडून ऑनलाइन शिकायच्या, लाडू मागवायच्या. शेजारच्या तिघी जणी तिच्यासोबत कामाला यायच्या. मला तिचं भारी कौतुक होतं, थोडा हेवाही होता.

एका सकाळी चॅनल दिसेना. मेल आला होता: हातभट्टीची दारू शिकवणारा मजकूर असल्यानं सरकारी आदेशावरून चॅनल देशात बंद केलं आहे, म्हणणं मांडायचं असल्यास कळवावं. घडलं होतं इतकंच, की तिनं मोहफुलं वाळवून, भाजून त्यांचे लाडू केले होते. दूर बसलेल्या कुणाला मोह म्हटलं की बाटलीच दिसते. आमच्याकडे तेच लाडू लेकरांच्या हातात देतात.

"वहिनी, तो एक व्हिडिओ काढून टाकू, माफी मागू. बाकीचं वाचेल," मी म्हणालो आणि सवयीनं माफीनामा लिहायलाही बसलो.

"भाऊजी, मी दारू गाळली काय?"

"नाही."

"मंग माफी कायले मागू? हे माहं काम हाय. कामाले कुलूप त्यायनं लावलं."

मी चिडलो. सरकारशी वाद घालता, हाती आहे तेही घालवाल, असं तोंडाला येईल ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सुनावणी मागणारा अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतला.

सुनावणी मोबाइलवर झाली. पडद्यावर एक साहेब. वहिनी पदर खोचून बसली, पुढ्यात लाडवांचं ताट.

"यापासून दारू होत नाही का?" साहेबांनी विचारलं.

"होते न साहेब. द्राक्षाचीबी होते म्हणतात. मंग द्राक्षाचे व्हिडिओ बंद केले काय तुमी?"

असं म्हणून तिनं लाडू फोडून कॅमेऱ्यासमोर खाल्ला. साहेब हसले नाहीत, पण लाडू कसा करतात ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

महिन्याभरानं चॅनल उघडलं, त्या व्हिडिओसकट. मेल एका ओळीचा: सेवा पूर्ववत सुरू. मी पेढे आणायला निघालो, तर तिनं थांबवलं.

"बंद करताना दारू शिकवते म्हणून लिहिलं. उघडताना शिकवत नाही म्हणून कुठी लिहिलं? त्या तिघींच्या घरचे अजून त्यायले इकडं येऊ देऊन नाही राहिले. तसं लेखी मांगा भाऊजी. सह्या चौघींच्या."

मी या वेळी वाद घातला नाही. अर्ज लिहिला आणि सह्या घ्यायला स्वतः निघालो. पहिल्याच घरी नवरा दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, दारूच्या भानगडीत आमची बाई सही करणार नाही. मी तिथंच ओट्यावर बसलो आणि तो अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो, सगळा मोहल्ला ऐकेल असा.