खोट न काढण्याचं वर्ष

माझे मामा शेषाद्रीराव तंजावरच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. दुसऱ्यांच्या मसुद्यांत लाल शाईने खुणा करण्यात त्यांचा दिवस जाई, आणि संध्याकाळी घरी आले तरी ती शाई त्यांच्या जिभेवरून उतरत नसे. आमटीपासून देवळातल्या नादस्वरापर्यंत कशातही त्यांना खोट दिसे. मी तेव्हा कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते. माझ्या वेणीलाही त्यांनी सोडलं नव्हतं.

हे सगळं घराने सोसलं असतं. पण अंबुजाचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरेना. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, सव्विसावं सरत आलं होतं, आणि तंजावरात आपल्या मराठी लोकांची घरं असून असून किती असणार? आलेल्या प्रत्येक स्थळात मामा काहीतरी काढत. एकजण फुरके मारत कापी प्यायला, एकाचे वडील उगाच हसत होते. वेंकूमामी काळजीने अर्ध्या झाल्या होत्या.

पाडव्याला कडुनिंबाची फुलं आणि गूळ खाल्ला, की त्या घरात प्रत्येकाने देवापुढे उभं राहून वर्षभरासाठी एक खोड सोडायची. एकसष्ट साली मामा तपकीर सोडणार होते. मामींनी गुळाची वाटी मागे ओढली.

"तपकीर ओढा हवी तेवढी. स्थळात खोट काढणार नाही, म्हणा."

"सरी, बरं," मामा म्हणाले आणि गूळ खाल्ला.

आठवड्याभरात ओरत्तनाडूचं स्थळ आलं. मंडळी निघाली, ओट्यावरून उतरायचीच होती, आणि मामा बोलले. "मुलगा आधी पंख्याखालची जागा बघून बसला. म्हातारी आई उकाड्यात." ते त्या मुलाने ऐकलं. स्थळ गेलं. मामींनी रात्री मामांचं पान आपटून वाढलं.

मामा कावरेबावरे झाले. "अगं, पाडवा आपल्या घरात झाला. बाहेर तमिळ लोकांचा अजून पंगुनी, सरत्या वर्षाचा शेवटचा महिनाच चाललाय. दूधवाल्याचं वर्ष बदललं नाही, माझ्या शिपायाचं बदललं नाही. माझ्या एकट्याचं कसं बदलेल?"

"मग गूळ कुणाच्या वर्षाचा खाल्लात?" मामींनी विचारलं.

मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, मामा लबाडी करत नव्हते, ते खरंच गोंधळले होते. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आम्ही दोन्ही वर्षं पाळतो, पण माणसाची जीभ कुठल्या वर्षाच्या ताब्यात असते हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तमिळ वर्षाचा पहिला महिना, चित्तिरै, उजाडला तसा मामींनी पुन्हा कडुनिंबाच्या फुलांची पचडी केली आणि मामांकडून तेच पुन्हा वदवून घेतलं. आता पळवाट उरली नाही.

त्यानंतर तिरुवैयारूचे सीतारामराव पत्नीला आणि मुलाला घेऊन आले. मुलगा चांगला होता, निदान वाईट नव्हता. सीतारामरावांची बायको अंबुजाकडे बघून म्हणाली, "नोकरी कशाला ती आता? घरात काय काम थोडं आहे?" अंबुजाने मामांकडे पाहिलं. मामांचे ओठ हलले. मग त्यांनी मामींकडे पाहिलं, तपकिरीची डबी काढली आणि चिमूट घेतली. मला त्यांचा फार अभिमान वाटला. पाहुण्यांनी निश्चयाचा मुहूर्त बघतो म्हणून सांगितलं आणि मामींनी त्यांना साखर दिली.

पाहुणे गेल्यावर अंबुजा मामांच्या समोर येऊन उभी राहिली.

"अप्पा, बोलला का नाहीत?"

"तुझ्या आईला शब्द दिलाय."

"इतकी वर्षं तुम्हीच एकेकाला घालवत होतात. मला वाटायचं, तुम्हाला माझं मन कळतं. मला नको म्हणून तुम्ही बोलता."

मामा खुर्चीत सावरून बसले. "मला तर ते फुरके मारताना दिसायचे म्हणून मी बोलायचो," ते हळूच म्हणाले. मग त्यांनाच ते पटेना. "की तुझं तोंड बघून बोलायचो? काही कळत नाही मला." थोड्या वेळाने ते चिडले. "अगं पण तुला नको होतं तर तू का बोलली नाहीस?"

"तुम्ही होतात ना. आणि मला कुणी विचारलंच नाही."

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मग आता मी विचारतो," मामा म्हणाले. "निरोप पाठवायला अजून उशीर झालेला नाही. लग्न, शाळा, हा मुलगा, दुसरा कुणी. तुला काय हवंय?"

अंबुजाने बोलायला तोंड उघडलं. आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो. शाळेत फळ्यापुढे कधी न अडलेली ती मुलगी इकडेतिकडे बघू लागली.

"मला माहीत नाही, अप्पा," ती म्हणाली, आणि रडू लागली.